लहान दुकानदाराची वही : नागपूरच्या बाजारातील हिशेबसाधनांचा रोजकीर्दीपासून ‘कार्ट’पर्यंतचा प्रवास

१. विषयप्रवेश

नागपूर शहरातील अनेक जुन्या वस्त्यांची नावे वारांवरून पडली आहेत. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नावे आज स्थलवाचक असली तरी मुळात ती कालवाचक होत. ज्या वारी बाजार भरे त्या वाराचे नाव जागेस चिकटले आणि बाजार रोजचा झाल्यावरही ते टिकून राहिले. यांतील ‘इतवारी’ हे रूप हिंदी वळणाचे आहे. ‘आदित्यवार’ या एकाच मुळापासून हिंदीत ‘इतवार’ आणि मराठीत ‘आइतवार’ अशी रूपे सिद्ध झाली. १९५६ पर्यंत हे शहर मध्यप्रांत, पुढे मध्यप्रदेश, या द्विभाषिक प्रदेशाची राजधानी होते. त्यामुळे येथील व्यापाराची भाषा पहिल्यापासून एकजिनसी नव्हती, हेही या नावावरून ध्यानात यावे.

वाराशी बांधलेला बाजार पुढे जागेशी बांधला गेला, आणि गेल्या पंचवीस वर्षांत तो जागेपासूनही सुटला. संत्र्याची बर्फी, सावजी मसाला, करवती काठाचे टसर लुगडे हा माल आज संगणकाच्या पडद्यावरून परगावी विकता येतो. असे दुकान मांडू इच्छिणाऱ्या लहान व्यापाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो ‘कार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा : आपल्या ऐपतीत बसेल असे कोणते घ्यावे? हा प्रश्न सामान्यतः केवळ किमतीचा समजला जातो. वस्तुतः तो जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे. हिशेबाचे साधन स्वस्त की महाग, हे खरेदीच्या रकमेवरून ठरत नाही. खतावणी कोणाच्या ताब्यात राहते आणि ती कोणत्या लिपीत वाचता येते, यावरून ठरते, असे या साधनांच्या इतिहासावरून दिसून येते. तो इतिहास थोडक्यात मांडणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. वही आणि लिपी

जुन्या पेढीवरील हिशेबाचे तीन टप्पे होते. गिऱ्हाईक बोलेल ते प्रथम कच्च्या टिपणात उतरे. व्यवहार पुरा झाला म्हणजे ते रोजकीर्दीत, म्हणजे दिवसाच्या क्रमाने ठेवलेल्या वहीत, पक्के होई. पुढे रोजकीर्दीतील नोंदी माणसामाणसाच्या नावे वाटून खतावणीत जात. जमा, बाकी, हिशेब, रक्कम हे या कामातील नित्याचे शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या द्वारा मराठीत आले. राज्यकर्ते बदलले तरी शब्द राहिले, याचे कारण ते दरबारापेक्षा दुकानात अधिक रुजले होते.

या पद्धतीचा खर्च कागद, शाई आणि मुनिमाचा पगार एवढाच होता. वही दुकानाच्या मालकीची असे. मुनीम गेला तरी वही जात नसे. उधारीवर चालणाऱ्या पेढीची खरी संपत्ती कोठारातील मालाइतकीच खतावणीतील नावांत असे.

तथापि या वहीत एक उणीव होती. मराठी व्यापारी मोडीत लिही, मारवाडी पेढ्यांवर महाजनी लिपी चाले. दोन्ही लिप्या शीघ्रलेखनासाठी वळवलेल्या. ज्याने त्या गिरवल्या नाहीत त्यास त्या वाचता येत नसत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून मोडीचे शिक्षण बंद पडले आणि एका पिढीच्या अवधीत आजोबांची वही नातवास अगम्य झाली. वही घरातच होती, मालकीही घराचीच होती, परंतु वाचता येत नसल्यामुळे ती असून नसल्यासारखी झाली. २०१४ मध्ये युनिकोड या जागतिक संकेतसंचात मोडी आणि महाजनी या दोन्ही लिप्यांचा एकाच वेळी समावेश झाला. परंतु तोवर त्या पेढ्यांवरून उठून अभ्यासकांच्या टेबलावर गेल्या होत्या.

३. टपालाने चालणारे दुकान

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७७ च्या आरंभी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पद्धत अमलात आणली. तीत दुकानदार पार्सल टपालात टाकी, पोस्टमन ते गिऱ्हाइकाच्या दारी नेऊन किंमत वसूल करी, आणि ती रक्कम दुकानदारास पाठवली जाई. १८८० पासून टपालखात्याची मनीऑर्डरही सुरू झाली. ‘व्ही. पी. ने मागवणे’ आणि ‘व्ही. पी. सोडवून घेणे’ हे वाक्प्रचार मराठीत रुळले, यावरून या पद्धतीचा प्रसार किती झाला याची कल्पना येते. मासिकांची वर्गणी, पुस्तके, औषधे, घड्याळे हा सारा व्यवहार तिच्यावर चाले. छोट्या धंद्यांची माहिती देणारे ‘उद्यम’ हे मासिक नागपूरच्या धरमपेठेतून निघे. असे मासिक दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचे ते टपालाच्याच आधारावर.

दुकानदाराच्या दृष्टीने ही व्यवस्था स्वस्त होती. तिला प्रवेशशुल्क नव्हते. जेवढी पार्सले तेवढाच आकार. गिऱ्हाइकाचा पत्ता दुकानदाराच्याच वहीत राही. टपालखाते माल पोहोचवी आणि पैसा आणी, पण गिऱ्हाईक स्वतःचे करून घेत नसे. व्ही. पी. नाकारली गेल्यास मात्र टपालखर्च दुकानदाराच्या माथी बसे. उलट, न मागवलेला माल गळ्यात मारण्याचे प्रकारही घडत. म्हणून पार्सल खऱ्या मागणीवरूनच पाठवत असल्याची हमी पाठवणाऱ्याकडून घेण्याचा नियम झाला. माल हाती आल्यावर पैसे देण्याची जी सोय फ्लिपकार्टने २०१० मध्ये सुरू केली, ती या पद्धतीचीच पुढची आवृत्ती होती, आणि परत येणाऱ्या पार्सलांचा जुना त्रासही तिच्याबरोबर आला.

येथे पिनकोडाचाही उल्लेख अवश्य आहे. संस्कृत कवी आणि टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांतून लिहिलेले पत्ते ही तिच्यामागील अडचण होती. आज कोणतेही कार्ट गिऱ्हाइकाकडून पत्ता घेताना हे सहा अंक मागते आणि पोहोचवणीचा खर्च बहुधा त्यांवरूनच ठरवते.

४. ‘कार्ट’ : शब्द आणि वस्तू

कार्ट म्हणजे गाडी. १९३७ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी चाकांची जाळीदार गाडी आणली, त्यावरून हे रूपक निघाले. इतवारीतील गिऱ्हाइकाने अशी गाडी कधी ढकलली नाही. तो यादी वाचून दाखवी आणि दुकानदार माल काढून देई. त्यामुळे मराठीत हा शब्द गाडी न होता ‘कार्ट’ असाच राहिला यात नवल नाही. कार्याच्या दृष्टीने पाहता त्यास नेमका प्रतिशब्द ‘कच्चे टिपण’ हा आहे.

हे केवळ शब्दच्छल नव्हे. वेबवरील मूळ व्यवस्थेत सर्व्हरला स्मरण नव्हते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेले गिऱ्हाईक त्यास नवेच वाटे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ नावाची खूणचिठ्ठी योजली, ती या कच्च्या टिपणाची सोय लावण्याच्या गरजेतूनच. कार्टमधील कच्चे टिपण, पैसे भरताच होणारी पक्की नोंद आणि गिऱ्हाईकवार इतिहास हे तीन टप्पे पाहिले म्हणजे जुन्या पेढीचीच रचना येथे पुन्हा उभी राहिल्याचे दिसते.

लहान व्यापाऱ्यास परवडणारी कार्टे २००० च्या सुमारास उपलब्ध झाली. त्या वर्षी जर्मनीत हॅराल्ड पोन्से दे लिऑन यांनी आरंभलेले ओएस-कॉमर्स विनामूल्य आणि मुक्त परवान्याचे होते. कोणीही ते घ्यावे, बदलावे, वाटावे. २००३ मध्ये त्यातून झेन कार्ट फुटून निघाले. २००७ मध्ये प्रेस्टाशॉप, २००८ मध्ये मॅजेंटो आणि २०११ मध्ये वर्डप्रेसवर चालणारे वू-कॉमर्स आले. दुसरी परंपरा भाड्याची. कॅनडात बर्फावरील घसरफळ्या विकणारे दुकान काढताना टोबियास ल्युट्के यांना उपलब्ध कार्टे पसंत पडली नाहीत. त्यांनी स्वतः लिहिलेल्या कार्टातून २००६ मध्ये शॉपिफाय ही मासिक भाड्याची सेवा निघाली. तिसरी परंपरा मोठ्या बाजारांची. तेथे कार्ट बाजारचालकाचे आणि दुकानदार केवळ पाल लावणारा.

विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे, हे मॅजेंटोच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २०१५ मध्ये त्याची दुसरी पिढी आली, परंतु पहिल्या पिढीसाठी लिहिलेल्या जोडण्या आणि सजावट तिच्यात चालत नव्हत्या. जून २०२० मध्ये पहिल्या पिढीची देखभाल थांबली. ज्यांनी फुकट घेतले होते त्यांना एक तर दुकान नव्याने बांधावे लागले किंवा ते असुरक्षित अवस्थेत चालू ठेवावे लागले.

५. खर्चाचे गणित

तीन परंपरांची तुलना एका कल्पित उदाहरणाने करता येईल. पुढील आकडे केवळ गणितासाठी गृहीत धरले आहेत. भाड्याच्या कार्टाचे भाडे महिना २,००० रुपये, पैसे वसूल करणाऱ्या मध्यस्थाचा आकार विक्रीच्या २ टक्के आणि परका मध्यस्थ वापरल्याबद्दल कार्टमालकाचा आणखी २ टक्के आकार असे समजू. स्वतःच्या कार्टास सर्व्हरचे ५०० आणि देखभाल करणाऱ्या कारागिराचे २,००० असे महिना २,५०० रुपये लागतात आणि मध्यस्थाचे २ टक्के. मोठ्या बाजारात भाडे नाही, परंतु दलाली १५ टक्के आहे.

महिना १०,००० रुपयांच्या विक्रीवर भाड्याच्या कार्टाचा खर्च २,४००, स्वतःच्या कार्टाचा २,७०० आणि मोठ्या बाजाराचा १,५०० रुपये येतो. विक्री ६०,००० झाल्यास हेच आकडे अनुक्रमे ४,४००, ३,७०० आणि ९,००० होतात. सुमारे १८,००० पर्यंत परक्या बाजारातील पाल स्वस्त, तेथून २५,००० पर्यंत भाड्याचे दुकान स्वस्त आणि त्यापुढे स्वतःचे घर स्वस्त, असा क्रम निघतो. दर बदलले तर सीमा सरकतील. क्रम बहुधा तोच राहील. म्हणून ‘सर्वांत स्वस्त कोणते?’ या प्रश्नास एकच उत्तर नाही. विक्री वाढताच एका व्यवस्थेतून दुसरीत जाणे दुकानदारास भाग पडते, आणि त्या वेळी गिऱ्हाइकांची यादी, मालाची सूची व जुन्या मागण्या बरोबर नेता येतात की नाही, यावर सारे अवलंबून राहते. येथेच खतावणीचा जुना प्रश्न पुन्हा उपस्थित होतो.

या गणितात स्थानिक परिस्थितीची भर पडते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. राज्यातल्या राज्यात केंद्राचा व राज्याचा असे दोन भाग आणि परराज्यात एकात्मिक कर, अशी बिलाची रचना झाली. त्यामुळे आठशे किलोमीटरांवरील मुंबईस गेलेल्या पार्सलाचे बिल एका तऱ्हेचे आणि शेजारच्या छिंदवाड्यास गेलेल्याचे दुसऱ्या तऱ्हेचे होते; १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच प्रांतात होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय वाटते. हस्तकलेसारखे काही अपवाद वगळता परराज्यात माल विकणाऱ्यास करनोंदणी सक्तीची आहे. मोठ्या बाजारातून विकणाऱ्यासही उलाढाल कितीही लहान असली तरी ती सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती लहान विक्रेत्यांना सवलत मिळाली. परदेशी कार्टांच्या मूळ घडणीत अशा द्विविध बिलाची कल्पना नव्हती. त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागे.

६. लिपीचा प्रश्न

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट लिपीची. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले. परंतु या कार्टांचा आधार असलेल्या मायएसक्यूएल या विदागाराची मूळ मांडणी २०१८ पर्यंत पश्चिम युरोपच्या अक्षरांपुरती होती. ती जाणीवपूर्वक न बदलल्यास ‘संत्री’ या शब्दाच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांची ओळ उमटे. पडद्यावर मराठी नीट दिसले तरी बिलाच्या छापील प्रतीत ती बिघडे. कारण बिल तयार करणाऱ्या अनेक साधनांना जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ‘बर्फी’तील रफार सुटून ‘बर्‌फी’ होते आणि ‘मिरची’तील पहिली वेलांटी म-च्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन पडते. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले. ते ज्या टंकात नाही तेथे रिकामा चौकोन छापला जातो.

या अडचणीवर दुकानदार सोपा मार्ग काढतो : तो सारे इंग्रजीत लिहितो. मग ‘करवती’ हा शब्द रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिला जातो आणि गिऱ्हाइकाने पाचव्या तऱ्हेने शोधल्यास माल सापडत नाही. माल बांधणाऱ्या माणसास बिल वाचता येत नाही, हा दुसरा परिणाम. मोडीच्या बाबतीत वही राहिली आणि वाचणारा गेला. येथे वाचणारा असून वहीच त्याच्या लिपीत नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून कार्ट निवडण्याच्या कसोट्या आपोआप निघतात. विक्रीच्या आजच्या आणि अपेक्षित आकड्यावर तिन्ही व्यवस्थांचा खर्च मांडून पाहणे ही पहिली. गिऱ्हाइकांची यादी आणि मागण्यांचा इतिहास साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतो की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी प्रत्यक्ष काढून पाहणे ही दुसरी. दुकानाचे संकेतस्थळनाम आणि सर्व्हरच्या किल्ल्या कारागिराच्या नावे नसून दुकानाच्या नावे असणे ही तिसरी. मुनीम गेला तरी वही राहावी, हाच तिचा अर्थ. चौथी कसोटी करण्यास एक दिवसही लागत नाही. ‘संत्र्याची बर्फी’ एवढे दोन शब्द मालाच्या सूचीत लिहावेत, ते शोधून पाहावेत, एक खोटी मागणी नोंदवून तिचे बिल छापावे, आणि ते माल बांधणाऱ्याच्या हाती द्यावे. त्यास ते अडखळल्यावाचून वाचता आले तर साधन उपयोगाचे आहे, असे समजण्यास हरकत नाही.