रॅडबर्न : पाऊलवाटांचे उपनगर

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मोटारगाड्या होत्या जेमतेम आठ हजार. १९२८ साली त्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली. एका पिढीच्या आत झालेल्या या पालटाची किंमत मुख्यतः पायी चालणाऱ्यांनी मोजली. १९२० नंतरच्या दहा वर्षांत त्या देशात मोटार-अपघातांत दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. शहरांतील बळींत पादचाऱ्यांचा, आणि त्यांतही लहान मुलांचा, भरणा मोठा होता. रस्ता हे तोपर्यंत मुलांचे अंगण होते. ते अंगण कोणी विचारल्यावाचून काढून घेतले गेले.

त्या शहरांत फूटपाथ नव्हते असे नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना ते चांगले फरसबंद होते. परंतु बुद्धिबळाच्या पटासारख्या आखणीत दर काही पावलांवर चौक येई, तेथे फूटपाथ संपे, आणि शाळेला निघालेल्या मुलाला गाड्यांच्या प्रवाहात उतरावे लागे. अपघात होत ते बहुधा अशा तुटलेल्या जागी. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोन नगररचनाकारांनी दुखणे नेमके येथे ओळखले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९२४ पासून सनीसाइड गार्डन्स ही वसाहत उभारताना पूर्वीच आखलेल्या रस्त्यांच्या चौकटीने त्यांचे हात बांधले होते. म्हणून अलेक्झांडर बिंग यांच्या सिटी हाउसिंग कॉर्पोरेशनने न्यू जर्सीतील फेअर लॉन येथे मोकळी शेतजमीन घेतली, तेव्हा त्यांनी आखणीचा क्रमच उलटा केला. आधी चालणाऱ्याची वाट, मग मोटारीची.

१९२९ साली वस्तीला आलेले रॅडबर्न ते हेच. तीस ते पन्नास एकरांचे भलेमोठे खंड पाडायचे, वाहनांचे मोठे रस्ते त्यांच्या कडेकडेने न्यायचे, आणि घरापर्यंत मोटार यावी म्हणून आत फक्त अरुंद, बंद बोळ सोडायचे. खंडाच्या मध्यभागी बाग. प्रत्येक घराची बैठक त्या बागेकडे उघडणारी, स्वयंपाकघर बोळाकडे. घरांमधून निघालेल्या पाऊलवाटा बागेत मिळत आणि बागेतून पुढे जात. हॉवर्ड ॲव्हेन्यू हा रस्ता आडवा आला तेथे मुलांना वर चढवून गाड्यांसमोर उभे केले नाही; वाट रस्त्याखालून भुयारी मार्गाने नेली. झाडी मार्जोरी कॉटली या उद्यानरचनाकार स्त्रीने योजिली. युक्ती अगदीच नवी नव्हती. ओल्मस्टेड आणि व्हॉ यांनी १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये घोडागाड्या आणि पादचारी असेच वेगळे केले होते. बागेतली ती सोय राहत्या वस्तीत आणणे हे रॅडबर्नचे कर्तृत्व.

आणि ही चैन नव्हती. रस्त्यांची लांबी-रुंदी घटल्यामुळे फरसबंदीवर आणि नळ-गटारांवर जे वाचले, त्यातून बागांचा खर्च निघाला.

योजना पंचवीस हजार वस्तीची होती. पहिली कुटुंबे राहावयास आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. घरे विकली जाईनात, हप्ते थकू लागले, आणि १९३४ साली कॉर्पोरेशनचे दिवाळे वाजले. जे उभे राहिले ते १४९ एकरांवर, त्यांतील २३ एकर बागा.

जे उभे राहिले तेही सर्वस्वी योजकांच्या मनासारखे वागले नाही. मुले बागेत खेळतील अशी कल्पना होती. ती बोळातही तितकीच रमली. तीनचाकी फिरवायला गवतापेक्षा फरसबंदी बरी, शिवाय आई स्वयंपाकघरातून नजर ठेवू शके. शेजारणी भेटत त्या बोळात, पाहुणा येई तो मोटारीच्या बाजूने. घराचे दर्शनी दार कोणते हाच घोटाळा होऊन बसला. पुढे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथील सरकारी वसाहतींनी ही उलटी घरे घेतली, परंतु बागांची निगा राखणारी व्यवस्था घेतली नाही. तेथे मागच्या वाटा ओसाड आणि भीतिदायक झाल्या. हॉलंडमधील डेल्फ्ट शहराने १९६० नंतरच्या दशकात दुसरी दिशा धरली. मूल जर बोळातच खेळणार असेल तर बोळ मुलाचा मानावा आणि गाडीने तेथे माणसाच्या चालीने यावे, असा तो विचार होता. १९७६ साली डच कायद्याने त्याला मान्यता दिली.

खुद्द अमेरिकेत जे घडले ते अधिक खेदाचे. १९३० नंतर गृहकर्जांना हमी देणाऱ्या संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याने बंद बोळांची शिफारस केली, आणि महायुद्धानंतरच्या बांधकाम-ठेकेदारांनी ती आनंदाने उचलली. वाहता रस्ता नको, जमीन अधिक विकता येते, घराला शांतता लाभते. ज्या पाऊलवाटेसाठी बोळ बंद केला होता, ती वाट मात्र त्यांनी नकाशातून गाळली. मैलोगणती उपनगरे अशी उठली की शेजारच्या बोळातील घरी जावयाचे तर हमरस्त्याला वळसा घालावा, आणि त्या हमरस्त्याला पुष्कळदा फूटपाथही नसावा. रॅडबर्नची नक्कल म्हणून हे सांगितले जाते. वस्तुतः हा त्याचा सांगाडा होय.

भारतात या विचाराचा धागा चंडीगडला पोहोचला. १९५० मध्ये अल्बर्ट मेयर यांनी त्या नगराचा पहिला आराखडा केला, त्यात स्टाइन यांचा सल्ला होता. नंतर काम ल कॉर्बुझिए यांच्या हाती गेले, तरी सेक्टरच्या पोटातून जाणारे हिरवे पट्टे आणि त्यांतील पायवाटा टिकून राहिल्या.

रॅडबर्नला २००५ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पंचवीस हजारांऐवजी सुमारे तीन हजार माणसे तेथे राहतात, आणि बागांचा खर्च रहिवासी आपल्या वर्गणीतून चालवितात.