बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. परंतु जिल्ह्याच्या दक्षिणेकडील माळ जुनेच आहेत. कर्जत, श्रीगोंदा, जामखेड हा मुलूख पर्जन्यछायेंतला. पाऊस बेताचा, जमीन हलकी व मुरमाड, आणि नांगराखालीं न आलेल्या भागांत कुसळी गवत. आगगाडींतून जाणाऱ्या प्रवाशाला ही भूमि ओसाड वाटते. पक्ष्यांच्या अभ्यासकाला मात्र तेथें चंडोल, धाविक, पखुर्डी, लावे आणि टिटव्या भेटतात. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून आलेला भोवत्या गवतावरून तरंगत जातांना दिसतो. या माळांचा राजा म्हणजे माळढोक. नर उभा राहिला तर माणसाच्या कमरेपर्यंत सहज येतो आणि त्याचें वजन पंधरा किलोपर्यंत भरतें. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत जे अत्यंत वजनदार गणले जातात, त्यांपैकीं हा एक आहे.

इंग्रजांनीं नगरचा किल्ला १८०३ सालीं घेतला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं, म्हणजे १८०९ पासून १८२९ पर्यंत, रॉबर्ट मॅन्सफील्ड नांवाच्या शिकाऱ्यानें या एका जिल्ह्यांत ९६१ माळढोक मारले, अशी नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतून आढळते. वीस वर्षांचा हिशेब केला, तर आठवड्याला जवळजवळ एक पक्षी पडला. त्या काळीं हा आंकडा भूषणाचा होता. आज तो दोन गोष्टी सांगतो. एके काळीं या माळावर माळढोक किती विपुल असले पाहिजेत, ही एक. आणि नेम अचूक असला कीं विपुलतेचाही अंत कसा जवळ येतो, ही दुसरी. पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याच्या छंदाचा इतिहास सांगावयाचा, तर तो याच बंदुकीपासून सुरू करावा लागतो. कारण हा छंद तिच्याच वारशांतून जन्मला आहे.

बंदूक केवळ शिकाऱ्याच्याच हातीं होती असें नाहीं. शास्त्रज्ञाच्याही हातीं तीच होती. कर्नल विल्यम साइक्स यानें दख्खनची पाहणी करतांना या प्रांतांतील पक्ष्यांची सूची तयार केली व ती १८३२ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सव्वादोनशेंहून अधिक जाती नोंदलेल्या असून त्यांतील अनेक शास्त्राला नवीन होत्या. दख्खनच्या माळावरील एका चंडोलाला आजही साइक्सचें नांव आहे. पुढें अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यानें पक्ष्यांचीं कातडीं व अंडीं मिळून सुमारें ८२,००० नमुने जमविले आणि १८८५ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं त्याच्या पुढाकारानें मुंबईस राष्ट्रीय सभा भरली त्याच वर्षीं, तो संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. हे लोक क्रूर होते असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. सुटसुटीत प्रिझमची दुर्बीण बाजारांत आली ती १८९४ सालीं. तोंवर पक्षी हातांत घेतल्यावांचून त्याच्या पिसांचा रंग, चोंचीची लांबी व पायांची ठेवण निश्चित करण्यास दुसरा मार्गच नव्हता.

छायाचित्रणकला मात्र हिंदुस्थानांत लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळांतले नामांकित छायाचित्रकार होते. किल्ले, लेणीं, देवळें व नाना जातींचे लोक यांचीं चित्रें निघूं लागलीं. पक्ष्यांचीं कांहीं निघालीं नाहींत. त्याचें कारण साधें आहे. त्या वेळची कांच रासायनिक द्रवानें ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी लागे, तिच्यावर कित्येक सेकंद प्रकाश पडूं द्यावा लागे, आणि ती वाळण्यापूर्वींच जवळच्या अंधाऱ्या तंबूंत धुवावी लागे. लेण्यांतील मूर्ति तितका वेळ स्वस्थ बसते; चिमणी बसत नाहीं. १८७०च्या दशकांत कोरडी कांच प्रचारांत आली आणि सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र उमटूं लागलें, तेव्हां कोठें हें दार उघडलें.

त्या दारांतून पहिल्यांदा आंत आलेलें यंत्र बंदुकीच्याच आकाराचें होतें, हा योगायोग मोठा बोलका आहे. फ्रान्समधील एत्येन ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाला उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखांची हालचाल अभ्यासावयाची होती. त्यानें १८८२ सालीं दस्ता, नळी व चाप असलेला एक कॅमेरा बनविला. तो खांद्याला लावून पक्ष्यावर नेम धरावयाचा व चाप ओढावयाचा. एका सेकंदांत बारा चित्रें निघत आणि पक्षी सुखरूप उडून जाई. इंग्लंडमध्यें रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं घरट्यांचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला आणि १८९५ सालीं केवळ छायाचित्रांनीं नटलेलें घरट्यांवरील पुस्तक काढलें. पक्ष्यांना संशय येऊं नये म्हणून त्यांनीं पोकळ बैलाचें सोंगही तयार केलें होतें. छायाचित्रकार कॅमेऱ्यासह त्याच्या पोटांत शिरून बसे. शिकाऱ्याची चिकाटी, त्याच्या युक्त्या आणि त्याचा दबा धरण्याचा अभ्यास हें सारें या नव्या छंदांत जसेंच्या तसें उतरलें.

हिंदुस्थानांत हें लोण वनाधिकारी, लष्करी अधिकारी व रेल्वेचे अधिकारी यांच्या हातून आलें. एफ. डब्ल्यू. चॅंपियन या वनाधिकाऱ्यानें रात्रीं वाघाच्या पायानें तार हलली कीं झगझगीत उजेड पडून चित्र निघावें अशी योजना केली व १९२७ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध करून बंदुकीपेक्षां कॅमेरा श्रेष्ठ असल्याचें प्रतिपादन केलें. पक्ष्यांच्या बाबतींत आर. एस. पी. बेट्स व ई. एच. एन. लोथर हीं दोन नांवें ठळक आहेत. बेट्सचें पुस्तक १९३१ सालीं निघालें. रेल्वेच्या नोकरींत असलेल्या लोथरचें १९४९ सालीं. आणि काश्मीरच्या पक्ष्यांवर दोघांनीं मिळून लिहिलेलें १९५२ सालीं.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. कॅमेरा जड, भिंगाची पोंच थोडी. म्हणून पक्ष्याच्या कांहीं हातांवर जाऊन बसावें लागे. पक्षी नक्की कोठें परत येईल, तर आपल्या घरट्यावर. म्हणून घरट्यापासून दूर कापडाची एक लहान राहुटी ठोकावयाची आणि पक्ष्याला संवय होईल तसतशी ती थोडीथोडी पुढें सरकवावयाची. चित्र घेण्याच्या दिवशीं दोघांनीं राहुटींत जावयाचें व एकानें उघडपणें निघून जावयाचें, म्हणजे माणूस गेला असें समजून पक्षी निर्धास्त होतो. मग उकाड्यांत, घामानें निथळत, न खोकतां तासन् तास बसावयाचें आणि मोजक्या कांचा काळजीपूर्वक वापरावयाच्या. ज्याला दोन कांचांत दिवस भागवावयाचा आहे, तो चाप ओढण्यापूर्वीं पक्ष्याकडे फार वेळ पाहतो. आणि या पाहण्यांतूनच घरट्यावरील जीवनक्रमाचें पुष्कळसें ज्ञान जमा झालें.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें या कार्याला आश्रय दिला. १८८३ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत सालीम अली यांचा प्रवेशही बंदुकीमार्गेंच झाला. लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घेण्यासाठीं ते तेथें गेले, आणि संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनीं त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह दाखविला. १९४१ सालीं त्यांचें हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघालें. दुसऱ्या महायुद्धांत सिंगापूर सोडावें लागलेले लोके वान थो नांवाचे धनिक हिंदुस्थानांत आले व सालीम अलींचे स्नेही झाले. चित्रपटगृहांचे मालक असलेल्या या गृहस्थांना पक्ष्यांच्या छायाचित्रांचें विलक्षण वेड होतें. एक नमुने जमवी, दुसरा चित्रें घेई. बंदूक व कॅमेरा कांहीं वर्षें अशीं शेजारीं शेजारीं नांदलीं. लोके यांचें चित्रमय पुस्तक १९५७ सालीं निघालें. १९६४ सालीं तैवानमधील विमान अपघातांत त्यांचा अंत झाला.

बंदुकीचें काम कॅमेरा पूर्णपणें करूं शकतो, याचा निर्णायक पुरावा महाराष्ट्राच्याच भूमींत मिळाला. वनपिंगळा नांवाच्या लहान घुबडाचें शास्त्रीय वर्णन ह्यूमनें १८७३ सालीं केलें. त्याचा शेवटचा विश्वसनीय नमुना जेम्स डेव्हिडसन यानें १८८४ सालीं खानदेशांत मिळविला. त्यानंतर पक्षी नाहींसा झाला. रिचर्ड माइनर्टझागेन या संग्राहकानें १९१४ सालीं गुजरातेंत तो मिळविल्याचा दावा केला होता; पण तें कातडें चोरीचें असून त्यावर खोटी चिठ्ठी डकविली होती, असें पुढें उघड झालें. ही लबाडी शोधून काढणाऱ्या पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासह ती सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ आली. तेथें झाडावर वनपिंगळा बसलेला दिसला. त्यांनीं त्याचें चलच्चित्र व छायाचित्रें घेतलीं, आणि ११३ वर्षांनीं पक्ष्याचें अस्तित्व सिद्ध झालें. ह्यूमच्या काळांत याच प्रसंगीं पहिली गोष्ट घडली असती, ती गोळी सुटण्याची.

माळढोकाची कथा इतकी सुखाची नाहीं. १९७२ सालीं वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला व त्याची शिकार गुन्हा ठरली. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनीं त्याच दशकांत नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे शासनाचें लक्ष वेधलें. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारें ८,५०० चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत शेतें, गांवें, रस्ते सारेंच आलें. लोकांच्या अडचणी वाढल्या व पुढें तें क्षेत्र बरेंच कमी करावें लागलें. या अवधींत माळ नांगरले गेले, पाटाचें पाणी आलें, ऊंस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचें नीट दिसत नाहीं, त्यामुळें जड अंगानें उडतांना तो तारांवर आदळतो. मादी बहुधा एकच अंडें, तेंही उघड्या जमिनीवर घालते. २०११ सालीं हा पक्षी जगांतील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत गणला गेला. महाराष्ट्रांत तो दृष्टीस पडणें हीच आतां बातमी झाली आहे.

तरीही नगर जिल्हा पक्षिछायाचित्रकाराला विन्मुख पाठवीत नाहीं. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य राखलें गेलें. त्या गवतांत माळरानांतील पक्ष्यांनाही आसरा मिळाला. गोदावरीवर पैठणला १९७६ सालीं जायकवाडीचें धरण उभें राहिलें, त्याचें पाणी शेवगांव व नेवासें तालुक्यांपर्यंत पसरलें, आणि १९८६ सालीं तो जलाशय पक्ष्यांचें अभयारण्य झाला. हिवाळ्यांत तेथें रोहित, चक्रवाक व बदकें उतरतात. भीमेच्या पलीकडे पुणे जिल्ह्यांतील भिगवणला तर कोळी बांधव आपल्या होड्यांतून छायाचित्रकारांना पाण्यावर नेतात आणि या छंदानें कित्येक घरांना रोजगार दिला आहे.

येथेंच या छंदाची खरी कसोटी लागते. पूर्वीच्या कांचेनें आणि नंतरच्या छत्तीस चित्रांच्या फिल्मनें माणसाला संयम शिकविला होता. आतांच्या डिजिटल कॅमेऱ्यांत एका सकाळीं हजार चित्रें मावतात व त्यांचा खर्च जवळजवळ शून्य असतो. लांब पल्ल्याचीं भिंगें आल्यामुळें घरट्याजवळ जाण्याचें कारण उरलेलें नाहीं; पण मोह उरला आहे. चित्र मोकळें यावें म्हणून घरट्यावरील फांदी बांधून ठेवली, तर पिलें उन्हांत होरपळतात. जमिनीवरील घरट्याकडे माणूस गेला, तर त्याच्या पाउलवाटेनें कुत्रें व कावळे पोंचतात. नराचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला पुढें बोलावलें, तर तो पिलांना चारा देण्याचें सोडून नसलेल्या शत्रूशीं भांडत राहतो. म्हणून अनेक मासिकें व स्पर्धांचे चालक आतां घरट्यांचीं छायाचित्रें स्वीकारीत नाहींत, आणि दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचें ठिकाण जाहीर न करण्याचा संकेत जाणते लोक पाळतात. लोथरच्या काळीं जी रीत प्रशंसेस पात्र होती, ती आज त्याज्य ठरली. साधन सुधारलें म्हणजे जबाबदारीही वाढते.

दुसरी गोष्ट नोंदीची. शिकाऱ्यानें मारलेल्या पक्ष्यांची गणती झाली नसती, तर नगरच्या माळावर एके काळीं किती माळढोक असतील याचा आज अंदाजही बांधतां आला नसता. मारणाऱ्याच्या हिशेबाचा जर इतका उपयोग होतो, तर न मारतां पाहणाऱ्याच्या हिशेबाचा किती व्हावा! तारीख, ठिकाण व पक्ष्याची वर्तणूक जिच्या पाठीशीं लिहिलेली आहे, अशी साधीसुधी छबी पन्नास वर्षांनीं अभ्यासकाला अनमोल वाटते. या नोंदीशिवाय अतिसुंदर चित्रही भिंतीची शोभा होऊन राहतें. आज संगणकावर चित्रांत फेरफार करणें सोपें झालें असल्यानें ही प्रामाणिक नोंद अधिकच मोलाची आहे. माइनर्टझागेनची खोटी चिठ्ठी कोणत्याही काळांत पुन्हा लिहिली जाऊं शकते.

बंदूक खालीं ठेवण्यास माणसाला शतकभर लागलें. तिच्याबरोबर अधिकाधिक मिळविण्याची हांवही खालीं ठेवावी लागते, आणि तें काम प्रत्येक छायाचित्रकाराला आपल्यापुरतें नव्यानें करावें लागतें. मॅन्सफील्डचा प्रत्येक पक्षी एकदांच उपयोगी पडला. माळावर चरणाऱ्या धाविकाचें किंवा चंडोलाचें छायाचित्र आज एकानें घ्यावें, उद्यां दुसऱ्यानें, आणि विसाव्या वर्षीं त्याच्या नातवानें. मात्र त्यासाठीं माळ राहिला पाहिजे आणि माळावर पक्षी राहिला पाहिजे.