ग्रुनफेल्डच्या आधीचा एक डाव

कोलकात्यातील आम्हां मराठी मंडळींच्या सायंकाळच्या बैठकीत बुद्धिबळाचा पट मांडला, की काळी मोहरी घेऊन ‘ग्रुनफेल्ड बचाव’ खेळणारा कोणी तरी हमखास निघतो. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ साली तो खेळून रूढ केला, म्हणून हे नाव. तत्पूर्वी ६७ वर्षे तो याच शहरात खेळला गेला होता.

१८५५ च्या मे महिन्यात स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्यासमोर महेशचंद्र बंद्योपाध्याय बसले होते. कॉक्रेन यांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे सारताच महेशचंद्रांनी राजाकडील घोडा काढला, त्या बाजूचे प्यादे एकच घर सरकवून उंटाला तिरपी वाट करून दिली आणि तिसऱ्या खेळीस वजिराचे प्यादे थेट मध्यभागी भिडवले. प्यादे एकेक घर चालवणाऱ्या देशी खेळात मुरलेल्या माणसाची ही सबुरी. तत्कालीन युरोपीय खेळाडूंना ती विचित्रच वाटे.

डाव महेशचंद्र हरले, हेही सांगितले पाहिजे. अठराव्या खेळीस त्यांनी वजिरावर घोडा घातला, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या त्यांच्या राजाला तीन खेळ्यांत घोड्याची मात अटळ झाली.

१८४८ मध्ये याच महेशचंद्रांविरुद्ध घोडा देऊन कॉक्रेन यांनी चढवलेला हल्ला आजही ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणून ओळखला जातो. महेशचंद्रांच्या वाट्याला ‘भारतीय बचाव’ हे देशवाचक विशेषण तेवढे आले. त्यांचे डाव उरले, तेही लंडनच्या नियतकालिकांत छापले गेले म्हणून.