खुंटी कुठं ठोकायची? पीक कापणी आणि बुधचे डॉ. सुखात्मे



पीक काढणीला आलं की गावोगाव पीक कापणी प्रयोग सुरू होतात. टेप लावून बहुतेक पिकांत १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखतात, कापतात, मळतात, वजन करतात. या वजनांच्या सरासरीवर आपल्या महसूल मंडळाचं उत्पादन ठरतं आणि त्यावरच विम्याची भरपाई मिळते किंवा बुडते. ही पद्धत बसवणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक माणूस होता. आज त्यांच्याविषयी.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, गाव खटाव तालुक्यातलं बुध. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकले, १९३३ साली लंडनला गेले आणि संख्याशास्त्रात पीएच.डी. करून परत आले. १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम.

तेव्हा उभ्या पिकाचा अंदाज नजरेनं व्हायचा. बांधावर उभं राहायचं आणि १६ आण्यांपैकी किती आणे पीक आहे ते सांगायचं. आणेवारी म्हणतात ती हीच. नजर म्हटली की भीड आली, अंदाज आला. सुखात्म्यांचा आग्रह असा, की गाव, शेत आणि शेतातली जागा, तिन्ही गोष्टी चिठ्ठी टाकल्यासारख्या निघाल्या पाहिजेत. रस्त्याकडेचं चांगलं रान बघून खुंटी ठोकायची नाही, की वाळकं बघूनही नाही. आजही शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजत जातात, ते याचसाठी.

दुसरा मुद्दा प्लॉटच्या आकाराचा. बंगालात प्रशांतचंद्र महालनोबिस लहान वर्तुळं कापून अंदाज काढत होते. काम झटपट, खर्च कमी. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं, की प्लॉट फार लहान घेतला तर उत्पादन जास्त दिसतं. कारण साधं आहे. रेघेवरचं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो.

आपणच हिशोब करू. २ फूट त्रिज्येचं वर्तुळ सगळीकडून २ इंच वाढलं, तर क्षेत्र सुमारे १७ टक्क्यांनी वाढतं. ३३ बाय साडेसोळा फुटांचा, म्हणजे एकराचा ८० वा भाग असलेला प्लॉट तेवढाच वाढला, तर फरक फक्त ३ टक्के. आपला १० बाय ५ मीटरचा प्लॉट जवळपास त्याच मापाचा आहे. उत्पादन फुगलं की भरपाई आटते, म्हणून या २ इंचांना किंमत आहे.

कृषी पदवीवाल्या पोरांना 'पानसे-सुखात्मे' हे पुस्तक माहीत असेलच. त्यातले सुखात्मे हेच. पुढं ते रोमला, जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जवळपास २० वर्षं तिथल्या संख्याशास्त्राचं काम बघितलं. तिथं प्रश्न बदलला: जगात उपाशी किती? दोन तृतीयांश जग उपाशी आहे असं तेव्हा बोललं जायचं. १९६१ साली त्यांनी मांडलं, की पुरेसं खायला न मिळणारे १० ते १५ टक्के आहेत. सकस न मिळणारे धरले तर आकडा निम्म्यापर्यंत जातो. देशाची सरासरी पुरेशी दिसली तरी ताटं सारखी नसतात, हे त्यांनी हिशोबात धरलं. उपासमारीचा जागतिक अंदाज आजही याच वाटेनं काढतात. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण त्यांचं सगळंच सगळ्यांना पटलं असं नाही. माणसाची अन्नाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका, असं ते पुण्याला परतल्यावर मांडत राहिले. पुण्यातलेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी याला कडाडून विरोध केला. रेघ खाली ओढली की गरीब कागदावरून गळतात, ही टीकाकारांची भीती होती. मला ती भीती खोटी वाटत नाही. सुखात्म्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. वावरातली दोरी असो की ताटातली, ती इंचभर सरकली की कुणाचं तरी नशीब सरकतं.

तेव्हा मंडळी, यंदा गावात प्रयोग असेल त्या दिवशी हजर राहा. पावलं मोजू द्या, टेप ताणलेली आहे का बघा, आणि दोरीवरच्या ताटाचा बुंधा आत आहे की बाहेर ते वाकून बघा.