सुगी
कामीय पिसारो (१८३०–१९०३) या दृक्प्रत्ययवादी चित्रकाराचे १८८२ मधील चित्र. मूळ फ्रेंच नाव ‘ला म्वासाँ’. त्याच वर्षी पॅरिसमधील सातव्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात ते मांडले गेले. विषय गव्हाच्या कापणीचा. आडव्या, ऐसपैस चित्रचौकटीत पिवळे शेत दूरवर पसरले असून पुढच्या भागात शेतकरी स्त्री-पुरुष पेंढ्या गोळा करताना दिसतात. पिसारोच्या आधीच्या निसर्गचित्रांत माणसे बहुधा ठिपक्यांएवढी असत. इथे ती मोठी, ठसठशीत झाली आणि निसर्ग काहीसा मागे सरला. समीक्षकांना त्यांत शेतकरीजीवन रंगवणाऱ्या मीये या फ्रेंच चित्रकाराचे शेतकरी दिसले. ही तुलना पिसारोला रुचत नसे, आणि ते रास्तच. त्याच्या कष्टकऱ्यांत मीयेचा धार्मिक गंभीरपणा नाही. तैलरंगांऐवजी टेम्पेरा वापरल्याने रंगांना चकाकी नाही, कोरडा उजळपणा आहे. चित्र सध्या टोकिओच्या पाश्चात्त्य कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.