उजव्या बटणाची कुळकथा

फाइलवर राईट क्लिक केलं की यादी उघडते: कट, कॉपी, डिलीट, रिनेम, प्रॉपर्टीज. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की माऊस जन्माला आला तो ती घेऊनच, असं वाटावं. प्रत्यक्षात उजव्या बटणाला हे काम मिळायला ३० वर्षं लागली. मधल्या काळात ते बटण असावं की नसावं, यावरच वाद चालला होता.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली जो लाकडी माऊस बनवला, त्याला एकच बटण होतं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर प्रात्यक्षिक झालं तेव्हा बटणं तीन झाली होती. शिवाय डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा वेगळा कीसेट होता. माणूस सायकल शिकतो तसा हेही शिकेल, आणि शिकला की त्याची ताकद वाढेल, असा एंगलबार्टना विश्वास होता.

झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये ‘आल्टो’ संगणक तयार झाला, तोही तीन बटणांचाच. त्यावरच्या स्मॉलटॉक प्रणालीत बटणांना लाल, पिवळं आणि निळं अशी नावं होती. लालने निवडायचं, पिवळ्याने मजकुरावरच्या कामांची यादी उघडायची, निळ्याने खिडकी हलवण्याची वा बंद करण्याची. आजच्या राईट क्लिकचं मूळ या पिवळ्या बटणात आहे. अडचण अशी की त्याच संगणकावरचे इतर प्रोग्रॅम तीच बटणं आपापल्या तऱ्हेने वापरत. म्हणून झेरॉक्सच्याच ‘स्टार’साठी नवख्या लोकांना बसवून चाचण्या घेतल्या गेल्या. १९८१ मध्ये तो बाजारात आला तेव्हा दोनच बटणं उरली होती: डावं निवडण्यासाठी, उजवं ती निवड वाढवण्यासाठी. मूव्ह, कॉपी, डिलीट यांना कीबोर्डवर स्वतंत्र कळा होत्या.

ॲपलने त्यापुढे जाऊन दुसरं बटणही काढलं. झेरॉक्स सोडून १९८० मध्ये तिथे गेलेले लॅरी टेस्लर एका बटणाचे खंदे पुरस्कर्ते होते. बटण एकच असेल तर ‘कुठलं दाबू?’ हा प्रश्नच उरत नाही. १९८३ चा लिसा आणि १९८४ चा मॅकिंटॉश असेच आले. पण कामं काही कमी झाली नव्हती. निवड वाढवणं शिफ्ट कळीकडे गेलं आणि उघडण्यासाठी पटकन दोनदा क्लिक करायची रीत पडली. माझ्या मते इथे नवख्यावरचं ओझं हलकं झालं नाही, फक्त दुसरीकडे सरकलं. विंडोजमध्ये डबल क्लिकसाठी मूळ मुदत ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे अर्ध्या सेकंदाची असते. थरथरत्या हाताचे आजोबा फाइलच्या नावावर सावकाश दोनदा क्लिक करतात आणि फाइल उघडण्याऐवजी नाव बदलायची चौकट समोर येते.

मायक्रोसॉफ्टच्या १९८३ च्या माऊसला दोन बटणं होती, पण उजवं बराच काळ जवळपास बेकार होतं. १९९२ च्या विंडोज ३.१ मधल्या माइनस्वीपरमध्ये ते झेंडा रोवायच्या कामी आलं. त्याच वर्षी आयबीएमच्या ओएस/२ ने वस्तू ओढायला आणि यादी उघडायला उजवं बटण वापरलं. मग ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि राईट क्लिकची यादी सगळीकडे रुळली. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो लोक माऊस धरायला शिकले ते याच रीतीने. ॲपलनेही १९९७ मध्ये कंट्रोल कळ दाबून तीच यादी दिली, आणि २००५ मध्ये उजवी बाजू ओळखणारा माऊस विकायला काढला.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती रीत फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. पडद्यावरचं बटण दाबताना नव्हे, सोडताना काम करतं. ‘डिलीट’वर दाबलंत आणि मन बदललं, तर बोट न उचलता बाण बाजूला सरकवा आणि मग सोडा, काहीच होत नाही. विंडोजमध्ये राईट क्लिकची यादीही बोट उचलल्यावरच उघडते, कारण तिथे उजव्या बटणाने फाइल ओढताही येते आणि बोट उचलेपर्यंत तुम्हाला काय करायचंय ते संगणकाला कळत नाही.

काही संकेतस्थळं मजकूर चोरीला जाऊ नये म्हणून राईट क्लिकच बंद करतात. चोर त्याने अडत नाही, दुवा नव्या टॅबमध्ये उघडू पाहणारा साधा वाचक अडतो. संकेतस्थळं बांधणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: ते बटण वाचकाचं आहे, त्याला हात लावू नका.