पहिली बंदूक : शिकारी घरातला एक निर्णय

आपल्याकडे शिकारीचा इतिहास लिहिला जातो तो मारलेल्या वाघांच्या संख्येवरून. राजे, नवाब, इंग्रज साहेब, हाका, मचाण आणि वाघाच्या अंगावर पाय ठेवून काढलेले छायाचित्र, एवढ्यात तो संपतो. पण शिकारी घराण्यात याहून लहान आणि तरीही फार अवघड असा एक निर्णय दर पिढीला घ्यावा लागे. घरातला मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, आता त्याच्या हाती पहिली बंदूक कोणती द्यायची? हा प्रश्न वरवर हत्याराचा वाटतो. प्रत्यक्षात तो मुलाच्या तरबियतचा होता. त्याचे उत्तर कोणी कसे दिले हे पाहिले की त्या काळाची आणि त्या घराची पारख होते.

बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे दूरवर ओळखले जाणारे आपले आर्णी अरुणावतीच्या काठी वसले आहे. हे पाणी पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा ही केवळ नदी नव्हती, ती सरहद्द होती. अलीकडे वऱ्हाड, म्हणजे 1853 पासून इंग्रजांच्या कारभारातला आणि 1902 साली कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेलेला मुलूख. पलीकडे निजामाचे राज्य. दोन्ही काठांवर सागाचे जंगल, कापसा-ज्वारीची शेते आणि त्या शेतांवर तुटून पडणारी रानडुकरे व रोही. तितर, लाव्हे, ससे तर शेताच्या धुऱ्यावरच. 1905 पर्यंत या जिल्ह्याचे नावही यवतमाळ नव्हते, वणी जिल्हा असे होते. अशा मुलखात बंदूक ही चैनीची वस्तू असण्याआधी राखणीची वस्तू होती.

पण बंदूक ठेवायची कोणी, हे 1857 नंतर सरकार ठरवू लागले. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्यामुळे साहेबाच्या पोराला वाढदिवसाची भेट म्हणून बंदूक मिळू शके, आणि आपल्याकडच्या पोराला मिळे ती वडिलांच्या किंवा चाचांच्या परवान्यावरची, थोड्या वेळापुरती आणि त्यांच्या नजरेखाली. पहिली बंदूक ‘माझी’ नसे, ती घराची असे. या अन्यायातून एक चांगली गोष्टही निपजली. मुलगा एकटा बंदूक घेऊन रानात जाऊ शकत नसे.

निवड करायची तर त्या काळी वाव थोडाच होता. सर्वांत स्वस्त ती ठासणीची बंदूक, जिला आपल्या भागात भरमारही म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी. गजाने सगळे ठासायचे, घोड्याखाली टोपी बसवायची आणि नेम धरायचा. एक बार उडाला की पुन्हा हाच सारा खटाटोप. मुलाला शिकवायला ही बंदूक चांगली आणि वाईट दोन्ही. चांगली अशासाठी, की हातात एकच बार आहे हे ठाऊक असलेला मुलगा तो वाया घालवत नाही. वाईट अशासाठी, की दारूचे माप चुकले किंवा भरलेल्या नळीतच दुसऱ्यांदा दारू ठासली, तर नळी फुटून हात जाई. टोपी वाजली आणि बार उडाला नाही, तर लगेच नळीत डोकावू नये, नळी पुढे धरून थांबावे, हा पहिला धडा असे. दारू कधीकधी क्षणभराने पेटते.

जिम कॉर्बेट या पुढे नामांकित झालेल्या शिकाऱ्याची सुरुवात अशीच झाली. त्याने आपल्या लहानपणाची हकीकत 1953 च्या ‘जंगल लोअर’ या पुस्तकात सांगितली आहे. आधी गलोल, मग धनुष्यबाण आणि मग एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक, जिची उजवी नळी फुटलेली होती आणि कुंदा तारेने बांधलेला होता. कामाची नळी एकच. मुद्दा हा, की हत्यार जितके अपुरे तितके सावजाजवळ पायी जाणे, वारा ओळखणे आणि वाट पाहणे भाग पडते. कॉर्बेटच्या हाती पहिल्याच दिवशी उत्तम रायफल आली असती, तर रान वाचायला तो इतक्या लवकर शिकला असता का?

पुढे काडतुसाच्या बंदुका आल्या आणि ‘बारा बोअर’ हा शब्द खेड्यापाड्यात रुळला. या आकड्याचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक रतल वजन भरते, म्हणून ती बारा बोअर. वीस बोअरला तशा वीस गोळ्या लागतात, म्हणजे तिची नळी बारीक. आकडा मोठा तितकी बंदूक लहान. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार झालेली बारा बोअरची काडतुसे देशभर वापरली गेली. पण बारा बोअर ही बापाच्या खांद्याची बंदूक. सुमारे तीन किलो वजन आणि बार उडताना खांद्याला बसणारा धक्का यांमुळे मुलगा डोळे मिटतो आणि चाप झटक्याने ओढतो. एकदा ही खोड लागली की मोडायला वर्षे जातात. कुंदा मुलाच्या हाताला लांब पडला तर बंदूक खांद्यावर न बसता दंडावर बसते आणि तिथे काळेनिळे वळ उठतात.

म्हणून विलायतेत मुलांसाठी ‘चारशे दहा’ नावाची बारीक नळीची बंदूक निवडण्याचा रिवाज पडला. तिचा धक्का सौम्य. पण तिच्या काडतुसात छर्रेही थोडेच. नवशिक्याच्या हातून पाखरू मरत नाही, जखमी होऊन झुडपात जाते आणि तिथे तडफडत राहते. ज्या बंदुकीचा मुलाला त्रास नाही, तिचा त्रास पाखराला. म्हणून जाणते लोक वीस बोअर पसंत करीत आणि कुंदा मुलाच्या हातापुरता आखूड करून घेत.

मुसलमान घरात या हिशेबात आणखी एक गोष्ट येई. शिकार खाण्यासाठी असेल तर ती हलाल हवी. टोकदार हत्याराने छेदून मेलेले सावज आणि आघाताने मेलेले सावज यांत शरीयतने फरक केला आहे. बंदुकीची गोळी छेदते की आदळते यावर उलेमांत बरीच चर्चा झाली. आपल्याकडच्या हनफी उलेमांचा कल असाच राहिला, की गोळीने वा छर्र्याने जागीच मेलेले पाखरू जबह केल्याशिवाय खाण्यास योग्य नाही. म्हणजे बार उडाला की सुरी घेऊन धावायचे, जीव असतानाच गाठायचे. हे काम तरण्या पायांचे. म्हणून बंदुकीच्या आधी मुलाच्या हाती सुरी येणे साहजिक होते. आपण ज्याला मारतो त्याचे डोळे जवळून पाहणे आणि अल्लाहचे नाव घेणे हे दुरून चाप ओढण्याच्या आधी शिकावे लागे. जिवंत प्राण्याला नुसत्या नेमबाजीसाठी निशाण करू नये, ही नबी-ए-करीम यांची ताकीद हदीसमध्ये आलेली आहे. या ताकिदीने शौक आणि गरज यांच्यात रेघ ओढली.

पहिल्या बंदुकीची सर्वांत मोलाची गोष्ट मात्र मुंबईत घडली. खेतवाडीत अमीरुद्दीन तय्यबजी या मामूंच्या घरी एक पोरका भाचा वाढत होता. 12 नोव्हेंबर 1896 रोजी जन्मलेल्या या मुलाचे आईवडील तो अगदी लहान असतानाच वारले होते. मामू स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला बंदूक दिली ती एअर गन, घरात उपलब्ध असेल त्याहून कमी ताकदीची. त्या मुलाने चिमण्या टिपल्या, पण टिपलेले लिहूनही ठेवले. घरट्याजवळचा एक नर टिपला की मादीला दुसरा नर मिळतो, आणि सात दिवसांत असे आठ नर आपण मारले, ही त्याची 1906-07 ची नोंद पुढे जशीच्या तशी छापली गेली. मग एक दिवस गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी पडली. ही कोणती, हे मामूंनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवले. 1908 साली तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली, कपाटे उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. त्यांनी 1941 साली हिंदुस्थानातील पक्ष्यांवरचे पुस्तक दिले आणि 1985 साली आत्मचरित्राला नाव दिले तेही त्या चिमणीवरूनच.

सालिम अलींनी बंदूक पुढेही सोडली नाही. अभ्यासासाठी नमुने गोळा करायला ती लागे. पण पडलेल्या पाखराला ‘तू कोण?’ असे विचारण्याची सवय त्यांना पहिल्या बंदुकीबरोबरच लागली, आणि त्यात मामूंचा वाटा मोठा. स्वतःला ठाऊक नाही हे मामूंनी कबूल केले नसते, तर ती चिमणी फेकून दिली गेली असती. याउलट 1938 साली भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात 4,273 पाखरे मारली गेली. तिथे उत्तम बंदुका होत्या, काडतुसांना तोटा नव्हता, आणि एकाही पाखराला कोणी काही विचारले नाही.

स्वातंत्र्यानंतर हा निर्णय हळूहळू घराच्या हातून कायद्याकडे गेला. 1959 च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्याचे किमान वय 16 ठेवले, 1983 च्या दुरुस्तीने ते 21 केले. नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती मुलांना सवलत राहिली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पुरती संपली. 1997 साली टिपेश्वर अभयारण्य जाहीर झाले. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने आपल्या बंदुकीची नोंद वनखात्याकडे करावी, असे हा कायदा सांगतो. रोही-रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले तरी शेतकऱ्याला लेखी परवानगीशिवाय बार उडवता येत नाही. त्याची ही अडचण खरी आहे आणि ती शहरात बसून समजत नाही.

बंदूक कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातच पुन्हा उभा राहिला. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ अवनी (टी-1) ही वाघीण गोळीने मारली गेली. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. गोळी झाडली ती हैदराबादचे शिकारी नवाब शफाअत अली खान यांचे चिरंजीव असगर अली यांनी. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी अहवालात शस्त्र कायद्याच्या भंगाचाही उल्लेख आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचा आक्रोश खरा होता, आणि वाघिणीसाठी हळहळणाऱ्यांचाही. पण एक गोष्ट सर्वांना कळून चुकली. बापाचा हुनर मुलाला मिळू शकतो, पण परवाना आणि अधिकार वारसाने मिळत नाहीत.

आज आर्णीतल्या तेरा वर्षांच्या मुलासाठी शिकारीची बंदूक निवडण्याचा प्रश्नच उरलेला नाही. एअर गनने चिमणी टिपणे हादेखील गुन्हा आहे. नेम धरण्याची हौस मात्र गुन्हा नाही. उरुसात फुगे फोडण्याच्या दुकानापुढे मुलांची जी गर्दी होते, ती याच हौसेची. त्या हौसेला आता वेगळी वाट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले ते निर्जीव निशाणावर. जुन्या शिकारी घरांनी बंदुकीबरोबर दिलेला सबर, पडताळा आणि प्राण्याविषयीचा अदब त्याही वाटेवर लागतोच. आणि ज्या मुलाला रानच हवे आहे, त्याला सालिम अलींचे पुस्तक आणि एक साधी दुर्बीण द्यावी. अमीरुद्दीन मामूंनी एअर गन दिली, आणि तिच्याबरोबर आपल्याला न आलेले उत्तर शोधायला भाच्याला पाठवले. हत्यार बदलले तरी वडीलधाऱ्यांचे ते दुसरे काम अजून संपलेले नाही.